पहिला जुना क्रोनोग्राफ घेताना

मनगटी घड्याळातच स्टॉपवॉच बसवलेलं असलं की ते घड्याळ म्हणजे क्रोनोग्राफ. ओळखायला सोपं. चावीच्या वर एक बटण, खाली एक बटण, डायलवर एक ते तीन छोट्या तबकड्या आणि बटण दाबेपर्यंत १२ वर गप्प उभा असलेला लांब सेकंद काटा. त्या एका काट्यासाठी साध्या घड्याळाच्या मशीनवर आणखी एक मजला चढवलेला असतो. त्यात लिव्हर असतात, हातोडी असते, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचे कॅम असतात, एकमेकांत गुंतणारी आणि सुटणारी चाकं असतात. बिघडायला जागा भरपूर, आणि बिघाड लपवायलाही.

नवखा माणूस बहुधा नावाच्या मागे लागतो: ओमेगा, हॉयर, ब्राइटलिंग. ही नावं आजही बाजारात मिळतात, पैसे मोजले की झालं. खरं दुर्मीळ असतं ते पन्नास वर्षांत कुणी रंगवलेलं, घासलेलं, बदललेलं नाही असं घड्याळ. साध्या कंपनीचं पण अस्सल डायलचं घड्याळ मोठ्या नावाच्या रंगवलेल्या घड्याळापेक्षा संग्रहात जास्त मोलाचं. पुढचं सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

आधी एक मशीन निवडा, मग घड्याळ

जुन्या काळी बहुतेक कंपन्या क्रोनोग्राफचं मशीन स्वतः बनवत नसत. लँडरॉन, व्हीनस, वाल्जू, लेमानिया हे कारखाने मशीन पुरवायचे आणि त्याभोवती शेकडो नावं लागायची. त्यामुळे एक मशीन नीट समजलं की वीस-पंचवीस नावांची घड्याळं आपोआप वाचता येतात. सुरुवातीला पुढच्या चार मशीनांपैकी एक घ्या.

लँडरॉन ४८ हे १९३७ पासूनच्या घराण्यातलं, हाताने चावी द्यायचं मशीन. स्वस्त, दणकट, आणि अनोळखी नावांच्या घड्याळांत भरपूर सापडतं. यावरच बेतलेली, डायलवर नुसतं ‘क्रोनोग्राफ स्विस’ लिहिलेली १८ कॅरेटची सोन्याची घड्याळंही पुष्कळ दिसतात. त्यांच्या केस, म्हणजे मशीनभोवतीच्या धातूच्या खोळी, आतून पोकळ आणि पत्र्यासारख्या पातळ असतात, म्हणून सोन्याच्या वजनाच्या हिशेबाने ती घेऊ नका.

वाल्जू ७७३३ आणि त्याची भावंडं: ७७३४ ला तारीख आहे, ७७३६ ला १२ तास मोजणारी तिसरी तबकडी आहे. व्हीनस कंपनी वाल्जूत विलीन झाली तेव्हा तिचं १८८ नंबरचं मशीन ७७३० झालं, त्यातून ही मंडळी आली. सुटे भाग अजून मिळतात, दुरुस्तीला सोपी.

पोल्योत ३१३३ हे मॉस्कोच्या कारखान्याचं मशीन ७७३४ वरच बेतलेलं आहे आणि १९७६ पासून बनलं. कमी पैशांत खरा यांत्रिक क्रोनोग्राफ हवा असेल तर हाच.

चौथं सेको ६१३९. १९६९ साली ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारा, क्रोनोग्राफ पहिल्यांदा कोण आणतो याची शर्यत लागली होती. झेनिथने जानेवारीत एल प्रिमेरो हे मशीन जाहीर केलं, मार्चमध्ये हॉयर, ब्राइटलिंग आणि त्यांच्या साथीदारांनी आपलं मशीन दाखवलं, आणि जपानमध्ये मे महिन्यात ६१३९ दुकानात विकायला होतं. ६१३९-६००५ या नंबरचं घड्याळ विल्यम पोग हा अंतराळवीर स्कायलॅब ४ मोहिमेवर घालून गेला. नोव्हेंबर १९७३ ते फेब्रुवारी १९७४, ८४ दिवस. म्हणून पिवळ्या डायलच्या ६१३९ ला जगभर ‘पोग’ म्हणतात. या लेखात मुख्य उदाहरण हेच घेतलं आहे, कारण या घड्याळाच्या वाट्याला रंगवलेल्या डायल भरपूर आल्या आहेत.

वाल्जू ७२ आणि ओमेगा ३२१ ही दोन मशीनं पहिल्या वर्षी लांबच ठेवा. दोन्ही अप्रतिम आहेत. पण त्यांच्या भावात एक चूक म्हणजे बाकीची पाच घड्याळं गेली.

बटणं काय सांगतात

बहुतेक क्रोनोग्राफमध्ये वरचं बटण सुरू आणि बंद करतं, खालचं बटण काटा शून्यावर आणतं. लँडरॉन ४८ मात्र वेगळं आहे. तिथे वरचं बटण फक्त सुरू करतं; खालचं एकदा दाबलं की काटा थांबतो, पुन्हा दाबलं की शून्यावर येतो. हे ठाऊक नसल्यामुळे चांगली घड्याळं ‘वरचं बटण खराब’ म्हणून परत दिली जातात. तुम्हाला ठाऊक असेल तर तेच घड्याळ तुम्हाला बऱ्या भावात मिळेल.

लँडरॉन ४८ सोडलं तर काटा चालू असताना शून्याचं बटण दाबू नका. त्यासाठी खास बनवलेली मशीनं वेगळी असतात. बाकीच्यांत जोर लावला तर लिव्हर वाकते.

डायलच्या कडेची मोजपट्टीही वाचायला शिका. टॅकिमीटरचा हिशेब ३६०० भागिले सेकंद असा आहे: एक किलोमीटर ४५ सेकंदांत गेला तर काटा ताशी ८० वर येतो. टेलिमीटर आवाजाच्या वेगावर चालतो: वीज चमकली की सुरू करा, गडगडाट ऐकू आला की थांबवा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. रंगवणाऱ्याच्या चुका याच पट्ट्यांवर सापडतात. टॅकिमीटरवर ६० चा आकडा बरोबर ६० व्या सेकंदावर आणि १२० चा ३० व्या सेकंदावर असला पाहिजे. तो अर्ध्या खुणेने जरी सरकला असेल तर डायल किंवा रिंग नंतरची आहे.

डायल: इथे घाई करू नका

जुनी डायल डागाळली की ती पुसून, नव्याने रंगवून, त्यावर पुन्हा अक्षरं छापायची कला आपल्याकडे फार वर्षांची आहे. घड्याळाच्या मालकाला चकचकीत डायल हवी असायची, कारागीर ती करून द्यायचे. त्यात फसवणूक नव्हती. फसवणूक तेव्हा होते जेव्हा ती डायल ‘ओरिजिनल’ म्हणून विकली जाते. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्या शहराचं नाव अशा अर्थाने रूढ व्हावं हे लागतं मनाला. पण विकत घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवणं हाच त्यावर इलाज.

१० पट मोठं दिसणारं भिंग घ्या. मोबाइलचा कॅमेरा पुरत नाही. खिडकीजवळ, सरळ उन्हात नाही, असं घड्याळ तिरकं धरा आणि या क्रमाने बघा.

पहिल्यांदा अक्षरं. कारखान्यातल्या छपाईची शाई किंचित उंच बसलेली असते आणि तिच्या कडा सुरीने कापल्यासारख्या असतात. रंगवलेल्या डायलवर अक्षर फुगतं, ‘ओ’ सारख्या गोल अक्षरांची पोकळी बुजत जाते, दोन शब्दांमधलं अंतर कमीजास्त होतं. ६१३९ च्या डायलवर ६ च्या खाली अगदी तळाशी बारीक अक्षरांत जपान आणि ६१३९ ने सुरू होणारा नंबर असतो. ही ओळ भिंगाशिवाय जेमतेम दिसते. रंगवणाऱ्याला तेवढं बारीक छापणं जमत नाही. मग ती ओळ गायब असते, नाहीतर मुंग्यांच्या रांगेसारखी दिसते. एवढी एक ओळ तपासलीत तरी निम्मा बाजार गाळला जाईल.

नंतर छोटी तबकडी. अस्सल डायलवर तिच्यात ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक गोल रेषा असतात आणि घड्याळ फिरवलं की त्यावरून उजेडाचा पट्टा सरकतो. वरून रंग दिला की त्या रेषा भरून जातात, उजेड सरकत नाही. पिवळ्या पोगचंही तसंच. त्याचा पिवळा रंग सपाट नसतो. मध्यापासून कडेपर्यंत किरणांसारखी घासणी असते, त्यामुळे एका कोनातून सोनेरी आणि दुसऱ्या कोनातून मोहरीसारखा दिसतो. हळदीसारखा एकसारखा पिवळा दिसला की घड्याळ खाली ठेवा. ६१३९-६००२ मुळात पिवळ्या, निळ्या आणि चंदेरी डायलमध्ये आलं. पोपटी, केशरी, गुलाबी डायल कारखान्याची नाही.

मग वार-तारखेची खिडकी. भिंगातून तिच्या आतल्या कडा बघा. अस्सल डायलची कड स्वच्छ कापलेली असते. रंगवलेल्या डायलवर रंग कडेवरून आत ओघळलेला दिसतो. मिनिटांच्या रेषा आणि वर बसवलेल्या धातूच्या खुणा एका ओळीत आहेत का, तेही याच वेळी बघून घ्या.

शेवटी चमकणारा रंग. साधारण १९६० च्या आधीच्या घड्याळांत रेडियम असायचं. त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षं, म्हणजे चमक गेली तरी किरणोत्सार तसाच आहे. अशी डायल घरी उघडू नका, काट्यावरचा रंग खरवडू नका. ती धूळ श्वासात जाणं हाच खरा धोका. पुढे ट्रिटियम आलं, अशा स्विस डायलवर तळाशी ‘टी स्विस मेड टी’ असं छापलेलं असतं. त्याचं अर्धायुष्य १२ वर्षांच्या आसपास, म्हणून साठच्या दशकातलं ट्रिटियम आज अंधारात चमकायला नको. अतिनील बॅटरी दाखवून बंद केल्यावरही काटे कित्येक मिनिटं हिरवे चमकत राहिले तर तो रंग नवा. काटे आणि डायल यांचा रंग एकसारखा पिकला आहे का बघा. डायलवर तपकिरी आणि काट्यांवर पांढराशुभ्र असेल तर काटे दुसऱ्या घड्याळाचे.

डायलवरचे जुने डाग, एखादी खरवड, फिकटलेला रंग यांना घाबरू नका. त्या वयाच्या खुणा आहेत आणि त्यांच्यासकट घड्याळ घेतलेलं बरं. ओलाव्याने फुगलेला रंग किंवा पोपडे मात्र सोडा, कारण तोच ओलावा मशीनपर्यंत गेलेला असतो.

पाठीवरचे आकडे

सेकोच्या मागच्या झाकणावर दोन नंबर असतात. एक मॉडेलचा: ६१३९-६००२ मधले पहिले चार आकडे मशीनचे, पुढचे चार केसचे. दुसरा, सहसा सहा आकडी, सिरियल नंबर. त्यातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना; ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. म्हणजे ३७ ने सुरू होणारा नंबर जुलै १९७३ चा. ६१३९ सत्तरच्या दशकातलं असल्यामुळे दशकाचा घोळ फारसा होत नाही. फक्त ९ ने सुरुवात झाली तर १९६९ की १९७९ हा प्रश्न पडतो. इथे डायल मदतीला येते. सुरुवातीच्या घड्याळांवर ‘वॉटर ७० मीटर प्रूफ’ असं आहे, नंतर ‘प्रूफ’ जाऊन ‘रेझिस्ट’ आलं. प्रूफ डायल आणि १९७४ चं झाकण अशी जोडी दिसली तर ते दोन-तीन घड्याळांची खिचडी आहे. अशी खिचडी घालायला वापरता येते, पण संग्रहाचा भाव देऊ नका.

झाकणावरचे आकडे पुसट झाले असतील तर पॉलिश फार झालंय. केसच्या वरच्या ब्रश केलेल्या भागाची आणि चकचकीत बाजूची मधली कड नखाला लागली पाहिजे. ती साबणाच्या वडीसारखी गोल झाली असेल तर ते परत आणता येत नाही.

हातात घेतल्यावर दहा मिनिटं

मुंबईच्या चोर बाजारात असा किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात, विक्रेत्याला सांगून दहा मिनिटं मागून घ्या. नाही म्हणाला तर पुढे चला.

६१३९ ला चावी देता येत नाही. चावी फिरवली की फक्त डायलभोवतीची आतली रिंग फिरते. ती फिरली नाही तर तिचं छोटं प्लास्टिकचं चाक तुटलंय. घड्याळ सुरू करायला ते आडवं धरून २०-३० वेळा हळू हलवा. त्यात चालू सेकंद काटाच नाही, म्हणून घड्याळ चालतंय की नाही हे क्रोनोग्राफ सुरू केल्यावरच कळतं. चावी अर्धवट आत दाबली की तारीख, पूर्ण दाबली की वार बदलतो. रात्री ९ ते पहाटे ३ या वेळेवर काटे असताना हे करू नका. त्या वेळात तारखेचं चाक आधीच दातांत अडकलेलं असतं आणि दात तुटतो.

आता बटण. त्याला एक स्पष्ट ‘टक’ असायला हवी. मऊ, चिखलात रुतल्यासारखं बटण म्हणजे सुकलेलं ग्रीस किंवा गंज. काटा सुरू होताना बघा. लँडरॉन, व्हीनस, वाल्जू यांत चालू चाकाला बाजूने दुसरं चाक येऊन भिडतं, त्यामुळे काट्याने सुरुवातीला किंचित उडी घेणं चालतं. ६१३९ मध्ये क्लच उभा असतो, एक चकती दुसरीवर दाबली जाते. तिथे काटा मुकाट निघाला पाहिजे. तो अडखळला तर क्लच गेला.

६० सेकंद होऊ द्या. मिनिटाचा छोटा काटा पुढे सरकतो का? शक्य असेल तर ३० मिनिटं चालू ठेवा, कारण काही घड्याळं १० मिनिटांपर्यंत ठीक असतात आणि पुढे त्यांचा मिनिट काटा अडतो.

मग थांबवा आणि शून्यावर आणा. हे दहा वेळा करा, दर वेळी काटा वेगळ्या ठिकाणी असताना. प्रत्येक वेळी काटा १२ च्या उजवीकडे अर्धी खूण थांबतो? मग काटा फक्त तिरपा बसवलेला आहे, दुरुस्ती सोपी. दर वेळी वेगळ्या जागी थांबतो? मग काट्याची नळी सैल झाली आहे किंवा हातोडी आणि बदाम झिजलेत. शून्यावर येताना काट्याला जोराचा हिसका बसतो. काटा पुन्हा पुन्हा काढून बसवला की नळी सैल पडते आणि काटा जागा सोडतो.

ऑनलाइन घेत असाल तर फोटोंसोबत ९० सेकंदांचा सलग व्हिडिओ मागा: सुरू, ६० सेकंदांच्या पुढे, थांब, शून्य. आणि मशीनचा फोटो. मशीनचा फोटो न देणाऱ्याकडून क्रोनोग्राफ घेऊ नका.

झाकण उघडलं की

मशीनचा नंबर जुळतो का ते बघा. ६१३९ च्या जागी दुसरंच मशीन बसवलेलं क्वचित असतं, पण स्विस घड्याळांत हे होतं. स्क्रूच्या खाचा चावल्यासारख्या फाटलेल्या असतील तर अडाणी हातांनी उघडझाक झालीय. चावीच्या नळीभोवती तांबूस पूड म्हणजे गंज. आपल्या किनारपट्टीच्या हवेत हा हमखास सापडतो आणि क्रोनोग्राफचे पोलादी लिव्हर आधी धरतो.

घड्याळजींकडे टाइमग्राफर (ठोके ऐकून मशीनची चाल मोजणारं यंत्र) असेल तर मशीन त्यावर ठेवायला सांगा. लँडरॉन ४८ आणि ७७३३ तासाला १८,०००, ६१३९ आणि ३१३३ तासाला २१,६०० ठोके देतात. पूर्ण चावीवर, डायलचं तोंड वरच्या बाजूला असताना झोका, म्हणजे आतलं बॅलन्स चाक किती अंश फिरतं ते, २५० अंशांच्या पुढे असला तर छान. २०० च्या खाली असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करून बोला. जुन्या सेकोचा झोका मुळातच थोडा कमी असतो, २२० ला घाबरू नका. मग क्रोनोग्राफ चालू करून पुन्हा बघा: चावीच्या मशीनमध्ये २०-३० अंश उतरणं ठीक, ५० उतरले तर वरच्या मजल्यावर घर्षण आहे.

सर्व्हिसिंग

घड्याळ घेण्याआधी क्रोनोग्राफ उघडणारा माणूस शोधा. साधी घड्याळं उत्तम करणारे सगळेच हे काम घेत नाहीत, आणि प्रामाणिक माणूस तसं सांगतोही. ‘शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली’ याचा कागद नसेल तर झालेली नाही असंच धरून चाला, आणि एकूण पैशांतला साधारण तिसरा हिस्सा त्यासाठी बाजूला ठेवा.

घड्याळ देताना तीन गोष्टी सांगा. डायल पुसू नका, तिला हातही लावू नका. केसला पॉलिश नको. बदललेला प्रत्येक जुना भाग पुडीत परत द्या. कामाबद्दलही दोन गोष्टी विचारता येतात. वाल्जूच्या ७७३० घराण्यात चाकं किती खोल गुंतावीत हे ठरवणारे मध्य बाजूला सरकलेले (एक्सेंट्रिक) स्क्रू असतात. ते साध्या स्क्रूसारखे आवळले की काटा उड्या मारतो किंवा घड्याळ क्रोनोग्राफ चालू करताच बंद पडतं. आणि ६१३९ चं क्लचचं चाक उकलता येत नाही. ते इतर भागांबरोबर धुण्याच्या द्रावणात टाकलं की आतलं तेल निघून जातं. हे दोन्ही ज्याला विचारण्याआधीच ठाऊक आहे त्याच्याकडे निर्धास्त द्या.

घरी आणल्यावर

डायलवर ७० मीटर लिहिलेलं असलं तरी पन्नास वर्षांच्या रबरी रिंगा कडक होऊन तडकलेल्या असतात, म्हणून हात धुतानाही घड्याळ काढा. पावसाळ्यात ते हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. जेलचा रंग बदलला की पुड्या बदला. काचेच्या आत धुकं दिसलं तर उन्हात ठेवू नका, त्याच दिवशी झाकण उघडून घ्या, कारण गंज रात्रभरात बसतो.

महिन्यातून एकदा तरी पूर्ण चावी द्या किंवा घाला, आणि पाच मिनिटं क्रोनोग्राफ चालवून शून्यावर आणा. चावीच्या घड्याळात तो थांबवूनच ठेवा, कारण चालू असताना जादा भार पडतो. ६१३९ चालू राहिलं तरी उभ्या क्लचमुळे झोक्यावर फारसा परिणाम होत नाही.

प्रत्येक घड्याळासाठी वहीत एक पान ठेवा: मॉडेल आणि सिरियल नंबर, कुठून घेतलं, किती दिले, झोका किती होता, कोणता भाग कधी बदलला. डायलचा भिंगातून काढलेला एक फोटो त्या पानाला जोडा. पुढचं घड्याळ बघायला जाल तेव्हा तुलनेसाठी तोच फोटो खिशात हवा.